वाक्यात उपयोग करा

चौथीच्या फळ्यावर तारखेखाली लिहिलं : सांधा.
अर्थ तोंडाने सांगितलाच नाही,
कोपर वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं.
चौदा पोरांनी आपापली कोपरं तपासून घेतली,
जणू आज सकाळीच कुणी बसवून दिली होती.

चौदाच आहेत. चोडणच्या या शाळेत
दोन वर्षांपूर्वी एकवीस होती.
बाकीची पलीकडे जातात, टाय लावून.
रायबंदरला ती फेरीबोटीतून उतरतात, मी चढते.
धक्क्यावर नजरानजर होते. "टीचर," म्हणतात.
"बाई" म्हणायचं विसरली.

वह्या घरी आणल्या.
पाच जणांच्या वाक्यात कुणाचा तरी गुडघा दुखतो,
पाचही वाक्यं एकाच बाकावर बसलेली.
कृपेश लिहितो : पायपाचा सांधा सुटला की
पप्पाला रात्रीसुद्धा बोलावतात आणि पैसे नंतर देतात.
मी 'पायपा'खाली रेघ ओढली.
'नंतर'खाली ओढायला हवी होती.

सुलक्षाचा आजा मानशीवर राखणीला असायचा,
भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या.
तिने लिहिलं : मानशीच्या फळीत सांधा राहिला
तर खारं पाणी शेतात येतं आणि भात मरतं.
सांधा नव्हे गं, सांद. फट.
जोड आणि फट यांतला फरक शिकवते मी,
पगार त्याचाच.
तरी लाल पेन टेकवेना :
जिथे दोन फळ्या भेटतात तिथूनच ना शिरतं पाणी?
दुसरी कुठली वाट असते त्याला?

धीरजने 'सांदो' लिहिलं. होडीचो सांदो.
घरातला शब्द, तसाच, अनवाणी वर्गात आलेला.
खोडला. वर 'सांधा' केलं.
मग बाजूला बारीक लिहिलं, हेही बरोबर.
माझी आई तेच म्हणायची,
घागरीला डाग देणाऱ्याला दारात थांबवून.

शेवटची वही यल्लव्वाची.
जूनमध्ये आली. वडील बांधावर दगड रचतात.
मराठी तिची तिसरी भाषा, की चौथी, मी विचारलं नाही.
अक्षरं मोठी, सुटी सुटी, शिरोरेघ नाही :

आमच्या घराला सांधा नाही.
पत्रे ठेवले आहेत.
वर दगड आहेत.
वारा आला की आई जागी असते.

एक वाक्य मागितलं होतं, तिने चार दिली.
शिरोरेघ ओढून द्यावी म्हणून पेन उचललं,
प्रत्येक शब्दावर एक आडवी रेघ,
सगळी अक्षरं एका छपराखाली.
'आमच्या'वर ओढली. 'घराला'वर ओढली.
मग ती रेघ पत्र्यासारखी दिसायला लागली
आणि मी पेनाला टोपण लावलं.

सकाळी बोट चोडणच्या धक्क्याला लागली.
लोखंडी फळी सिमेंटवर आदळते आणि घासत राहते,
कशाला कशाचं बांधलेलं नसतं,
इंजिन रेटून धरतं फक्त,
आणि तेवढ्यात उतरायचं : स्कूटर, पावाची टोपली,
कोळंबी विकून परतणारी रेमेदिन, मी.
फळीच्या कडेला दोन बोटांएवढी मांडवी दिसते.
रोज ओलांडते, बघत नाही.
आज बघितली. मागून हॉर्न वाजला.

फळ्यावर कालचा शब्द तसाच होता,
पुसायची पाळी धीरजची होती.
वही घेऊन यल्लव्वा टेबलाशी उभी.
"बाई, बरोबर?"
"हो," म्हटलं. "सगळं बरोबर."
तिने वही उलटी करून माझ्यापुढे धरली,
बोट ठेवलं :
"मग वर रेघ दोनच शब्दांना का?"